ट्रेंटनची मोहरी: शिशाने भरलेल्या जमिनीवरचा एक प्रयोग आणि त्याचा हिशेब

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याची राजधानी ट्रेंटन हे डेलावेअर नदीच्या काठावरचे शहर एकेकाळी तारदोर, चिनी मातीचे सामान आणि रबरी वस्तूंच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. ‘ट्रेंटन बनवते, जग घेते’ अशा अर्थाची मोठी पाटी तिथल्या नदीपुलावर आजही झळकते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे कारखाने एकेक करून बंद झाले आणि त्यांच्या जमिनी वस्तीच्या मधोमध ओस पडल्या. त्यांपैकी सुमारे ७ एकरांच्या एका जागेवर १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून जवळजवळ तीन दशके शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या तयार होत असत. त्यानंतर मार्कर पेनांचा कारखाना तिथे आला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस तोही बंद पडला. लोकांच्या तोंडी त्या जागेला ‘मॅजिक मार्कर’ हे पेनांचेच नाव राहिले, पण जमिनीत मुरलेले विष मात्र बॅटऱ्यांच्या काळातले होते. ते शिसे मोहरीचे पीक घेऊन मातीतून बाहेर काढता येईल का, याचा प्रयोग १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इथे झाला, आणि हा लेख त्याविषयी आहे.

शिसे-आम्लाच्या बॅटरीत शिशाच्या जाळीदार पट्ट्या असतात आणि त्यांच्या खाचांत शिशाच्या ऑक्साइडचा लगदा भरलेला असतो. पट्ट्या ओतणे, लगदा कालवणे, वाळवणे, कडा घासणे या प्रत्येक टप्प्यावर बारीक धूळ उडते. ही धूळ कामगारांच्या कपड्यांवरून, धुण्याच्या पाण्यातून आणि धुराड्यातून आवारात पसरते आणि वर्षानुवर्षे मातीच्या वरच्या थरात साचत राहते. शिसे हे मूलद्रव्य असल्यामुळे ते कुजत नाही, जळत नाही आणि कोणताही जिवाणू त्याचे विघटन करू शकत नाही. तेल सांडले तर जमिनीतले सूक्ष्मजीव निदान काही वर्षांनी ते संपवतात. शिसे मात्र जिथे पडले तिथेच राहते, आणि त्याला हटवायचे तर उचलून दुसरीकडेच न्यावे लागते. या प्रकरणातील प्रत्येक अडचणीचे मूळ या एका गोष्टीत आहे, म्हणून ती आरंभीच नोंदवणे आवश्यक आहे.

शिशाचा सर्वांत मोठा धोका लहान मुलांना असतो. रांगणारे किंवा मातीत खेळणारे मूल हात तोंडात घालते, त्याबरोबर धूळ पोटात जाते आणि वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी पातळी वैद्यकशास्त्राला सापडलेली नाही. अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेने निवासी जागेच्या मातीसाठी त्या काळी किलोमागे ४०० मिलिग्रॅम ही मर्यादा धरली होती. जानेवारी २०२४ मध्ये ती २०० वर आणण्यात आली. म्हणजे ट्रेंटनच्या प्रयोगात जे उद्दिष्ट ‘स्वच्छ’ मानले गेले, ते आजच्या मापाने दुप्पट घाण ठरते.

अशा जमिनीसाठी तेव्हा दोनच रुळलेले उपाय होते. माती खणून ट्रकांत भरायची आणि घातक कचऱ्याच्या भरावक्षेत्रात टाकायची, किंवा तिच्यावर डांबर, काँक्रीट अथवा चांगल्या मातीचा जाड थर घालून ती झाकायची. पहिला उपाय महाग आहे आणि त्यात धूळ उडते. दुसऱ्यात विष जागेवरच राहते आणि झाकण शाबूत आहे की नाही हे पिढ्यान्पिढ्या पाहत बसावे लागते. आसपासच्या वस्तीत कमी उत्पन्नाची कुटुंबे राहत होती, आणि महागड्या शुद्धीकरणाचा खर्च उचलून तिथे घरे बांधायला कोणी बिल्डर आपणहून येण्याची शक्यता नव्हती. परिसरातील रहिवाशांची संघटना आणि १९८१ पासून शहरात काम करणारी ‘आयल्स’ ही स्वयंसेवी संस्था यांनी महापालिकेकडे व राज्याकडे पाठपुरावा केला. पडक्या औद्योगिक जागा पुन्हा वापरात आणण्यासाठीच्या केंद्रीय कार्यक्रमात ट्रेंटनचा समावेश झाला आणि या जागेची तपासणी सुरू झाली. नव्या पद्धतीच्या चाचणीसाठी ही जागा पुढे आली ती अशा मार्गाने.

मोहरीच का

काही वनस्पती जमिनीतील धातू असाधारण प्रमाणात शोषून पानांत साठवतात, हे वनस्पतिशास्त्राला बरेच आधीपासून माहीत होते. त्याचे सर्वांत थक्क करणारे उदाहरण पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावरचे आहे. तिथल्या एका झाडाच्या निळसर-हिरव्या चिकात, तो वाळवल्यावर, वजनाच्या सुमारे २६ टक्के निकेल आढळल्याची नोंद १९७६ मध्ये झाली. अशा वनस्पतींना अतिसंचयी म्हणतात. निकेल, जस्त आणि कॅडमियम यांच्या अतिसंचयी वनस्पती आहेत. मग त्यांचे पीक घेऊन, कापून, जमिनीतला धातू हळूहळू बाहेर का काढू नये, हा विचार १९८० च्या दशकात अमेरिकेतील मृदाशास्त्रज्ञ रुफस चेनी यांनी मांडला आणि पुढच्या दशकात त्याला जोर आला. वनस्पतींकरवी जमीन शुद्ध करण्याच्या या तंत्राला ‘फायटोरिमेडिएशन’ म्हणतात.

शिशाच्या बाबतीत मात्र हा विचार लगेच अडतो. शिसे मातीत कार्बोनेट, फॉस्फेट, लोहाची ऑक्साइडे आणि सेंद्रिय पदार्थ यांना इतके घट्ट धरून बसते की मुळांभोवतीच्या पाण्यात त्याचा अगदी नगण्य अंश विरघळलेला असतो, आणि मुळे फक्त विरघळलेलेच पिऊ शकतात. जे थोडे आत जाते तेही बहुतेक मुळांतच अडकते, खोडात व पानांत चढत नाही. त्यातच पिकाला स्फुरद दिला तर तो शिशाला बांधून आणखी अविद्राव्य करतो, आणि न दिला तर पीक खुरटते. शिशाची खरी अतिसंचयी वनस्पती कुठे आहे, या प्रश्नाला वापरता येईल असे उत्तर तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

रटगर्स विद्यापीठातील इल्या रास्किन यांच्या गटाने वेगळी वाट धरली. अतिसंचयी वनस्पती बहुधा बुटक्या आणि सावकाश वाढणाऱ्या असतात. त्याऐवजी भरभर वाढणारे, भरपूर पाला देणारे पीक घ्यावे आणि धातू शोषण्याची त्याची क्षमता कृत्रिमरीत्या वाढवावी, असे त्यांनी ठरवले. निरनिराळ्या पिकांची पारख करताना त्यांना ब्रॅसिका जुन्सिया, म्हणजे आपल्या फोडणीतली मोहरी, सर्वांत आशादायक वाटली. तिच्यातही ४२६३०८ या क्रमांकाने ओळखला जाणारा एक वाण विशेष ठरला. १९९५ मध्ये या गटाचा जो शोधनिबंध गाजला, त्याच्या लेखकांत नंदकुमार हे भारतीय नाव पहिले होते. संशोधन बाजारात आणण्यासाठी ‘फायटोटेक’ नावाची कंपनी स्थापन झाली. चेर्नोबिलजवळच्या तळ्यात सूर्यफुलाची रोपे तरंगत ठेवून त्यांच्या मुळांनी किरणोत्सारी सीझियम व स्ट्राँशियम शोषण्याची तिची चाचणी जगभर छापून आली होती. वर्तमानपत्रांना याहून चांगले छायाचित्र कुठून मिळणार?

शोषण वाढवण्याची युक्ती होती ईडीटीए. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रातून ‘चिलेटेड झिंक’ आणणाऱ्या शेतकऱ्याला हे रसायन ओळखीचे आहे. धातूच्या अणूला चहूबाजूंनी कवेत घेऊन ते त्याला पाण्यात विरघळलेले ठेवते, त्यामुळे तो मातीला चिकटत नाही. शिशाची विषबाधा झालेल्या माणसांच्या रक्तातून शिसे लघवीवाटे बाहेर काढण्यासाठी याच रसायनाचे एक क्षाररूप १९५० च्या दशकापासून औषध म्हणून वापरले जात आहे. मातीत ईडीटीए घातले की बांधलेले शिसे सुटून पाण्यात येते आणि झाडाने पाणी ओढले की त्याबरोबर पानांपर्यंत पोचते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फायटोटेकच्या कुंडीतील प्रयोगांत मोहरीच्या वाळलेल्या पाल्यात शिशाचे प्रमाण दीड टक्क्यापर्यंत गेले होते. ईडीटीएशिवाय ते याच्या पासंगालाही पुरत नाही.

या युक्तीची एक बाजू प्रसिद्धीत फारशी आली नाही. एवढे शिसे आणि ईडीटीए पिऊन झाड जगत नाही. म्हणून रसायन पेरणीच्या वेळी दिले जात नाही. पीक पुरते वाढू द्यायचे, मग पाण्यातून ईडीटीए सोडायचे आणि पाने करपू लागताच, साधारण आठवडाभरात किंवा थोड्या अधिक काळात, कापणी करायची, असा क्रम ठेवावा लागतो. निसर्गाच्या संथ प्रक्रियेचे जे चित्र या पद्धतीभोवती रंगवले गेले, त्याच्याशी हा क्रम जुळत नाही. इथे झाड म्हणजे शेवटच्या आठवड्यात चालवलेला एक पंप असतो.

मैदानावरील प्रयोग

ट्रेंटनमध्ये प्रत्यक्ष चाचणी झाली ती ४,५०० चौरस फुटांच्या तुकड्यावर. ७ एकरांच्या मानाने हा तुकडा दीड टक्क्याच्या आसपास भरतो. जमीन नांगरून भुसभुशीत करण्यात आली, खते व पाणी देऊन मोहरी घेण्यात आली, ईडीटीए सोडण्यात आले आणि पीक कापून नेण्यात आले. केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नव्या तंत्रांची पारख करणाऱ्या कार्यक्रमात ही चाचणी १९९७ आणि १९९८ या वर्षांत समाविष्ट होती, आणि मोहरीच्या जोडीला सूर्यफूलही वापरले गेले.

जो निष्कर्ष सर्वत्र उद्धृत झाला तो असा: एका हंगामात मातीच्या वरच्या थरातील शिशाचे सरासरी प्रमाण १३ टक्क्यांनी घटले आणि तुकड्याच्या सुमारे ७२ टक्के क्षेत्रात ते ४०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत आले.

या एका वाक्यात दोन आकडे आहेत आणि वाचणाऱ्याची नजर साहजिकच दुसऱ्यावर ठरते. ७२ टक्के जमीन एका हंगामात स्वच्छ झाली, असे त्यातून मनात उतरते. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. सरासरी घट जर १३ टक्केच असेल, तर तेवढ्या घटीने मर्यादेच्या आत येऊ शकते ती फक्त मर्यादेच्या किंचित वर असलेली माती, म्हणजे ढोबळमानाने ४०० ते ४६० मिलिग्रॅमच्या दरम्यानची. ज्या ठिकाणी प्रमाण ८०० किंवा १,००० होते, तिथे १३ टक्क्यांनी काहीच साधत नाही. याचा सरळ अर्थ असा की, त्या ७२ टक्क्यांतला मोठा भाग प्रयोगाच्या आधीपासूनच मर्यादेच्या आत असला पाहिजे. वाक्य खोटे नाही, मात्र त्याची ठेवण फसवी आहे, आणि अशी ठेवण पर्यावरणविषयक अहवालांत वारंवार भेटते.

याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. १३ टक्के घटले ते शिसे गेले कुठे? पीक कापून नेले म्हणजे ते पिकातून गेले, असे गृहीत धरणे सोपे आहे. पण शिसे नष्ट होत नसल्यामुळे त्याचा जमाखर्च मांडता येतो, आणि तो कोणालाही कागदावर मांडता येण्याइतका साधा आहे.

४,५०० चौरस फूट म्हणजे सुमारे ४१८ चौरस मीटर. वरचा १५ सेंटिमीटरचा थर धरला तर जवळजवळ ६३ घनमीटर माती होते. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे १.३ टन धरू, म्हणजे माती साधारण ८१ टन. हिशेबापुरते शिशाचे सरासरी प्रमाण किलोमागे ५०० मिलिग्रॅम मानले, तर त्याच्या १३ टक्के म्हणजे किलोमागे ६५ मिलिग्रॅम, आणि एकूण ८१ टनांतून सुमारे ५.३ किलो शिसे कमी झाले पाहिजे. आता खर्चाची बाजू पाहू. मोहरीचे पीक उत्तम आले आणि हेक्टरी १० टन सुका पाला मिळाला असे उदारपणे मानले, तर या तुकड्यावर एका पिकात सुमारे ४१८ किलो पाला होतो. हंगामात दोन पिके घेतली तर ८३६ किलो. त्यात शिसे एक दशांश टक्का, म्हणजे किलोमागे १,००० मिलिग्रॅम असेल, तर पिकासोबत बाहेर गेलेले शिसे भरते जेमतेम ०.८४ किलो. घट ५.३ किलो आणि बाहेर नेले त्याच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास. सगळी घट पिकाच्या नावे टाकायची तर पाल्यात शिशाचे सरासरी प्रमाण ०.६ टक्क्यांहून अधिक हवे, आणि उघड्या जमिनीवरच्या पिकांनी कुंडीतील विक्रमांच्या जवळपास जाणारे आकडे दाखवले नाहीत.

यातील घनता, उत्पादन आणि सरासरी प्रमाण ही माझी गृहीतके आहेत. ती बदलली तर उत्तर थोडे हलेल, पण पिकाची बाजू पाचसहा पटींनी वर यावी इतके ती ताणता येत नाहीत.

उरलेल्या शिशाला तीन वाटा संभवतात. पहिली वाट नांगराची: पिकांच्या मध्ये जमीन खोल उलथली की वरची अधिक दूषित माती खालच्या कमी दूषित मातीत मिसळते आणि वरच्या थराचे सरासरी प्रमाण आपोआप उतरते. यात एक ग्रॅमही शिसे जागा सोडत नाही, फक्त पातळ होते. दुसरी वाट नमुन्यांची: जुन्या कारखान्याच्या आवारात एका पावलावर १,५०० आणि पुढच्या पावलावर २०० असे फरक सहज आढळतात, आणि मोजके नमुने घेतले तर आधीच्या व नंतरच्या सरासरीत दहा-बारा टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. तिसरी वाट खालची आहे, आणि चिंता करण्यासारखी तीच.

पाण्याबरोबर खाली

ईडीटीए शिशाला विरघळवते ते झाडासाठी राखून ठेवत नाही. विरघळलेले शिसे मुळाशी गेले तर झाडात जाते, आणि पाऊस पडला तर पाण्याबरोबर खाली जाते. ईडीटीए आणि शिसे यांचे संयुग मातीतील सूक्ष्मजीवांना सहजासहजी मोडता येत नाही. कापणी झाल्यावरही ते आठवडेच्या आठवडे, कित्येकदा महिनोन्महिने, मातीच्या पाण्यात टिकून राहते. न्यू जर्सीमध्ये पाऊस वर्षभर पडतो, तेव्हा पावसाळा टाळून रसायन द्यायची सोयही नाही. शिवाय ईडीटीए फक्त शिशालाच शोधत नाही. मातीत कॅल्शियम आणि लोह शिशाच्या कित्येक पटींनी असते, ते त्याचा मोठा वाटा अडवतात, आणि म्हणून शिसे सुटावे यासाठी जरुरीपेक्षा खूपच जास्त रसायन ओतावे लागते. जे शिसे आतापर्यंत वरच्या वीतभर मातीत घट्ट बसले होते आणि धुळीवाटेच काय तो त्रास देत होते, ते आता भूजलाच्या दिशेने निघते. प्रदूषण एका माध्यमातून काढून दुसऱ्यात घालण्याचा हा प्रकार आहे.

पुढच्या काही वर्षांत अमेरिका आणि युरोपमधील प्रयोगशाळांतून मातीचे उभे स्तंभ घेऊन हीच गोष्ट वारंवार दाखवण्यात आली: ईडीटीए दिल्यावर खाली झिरपणारे शिसे पिकाने उचललेल्या शिशापेक्षा अधिक भरते. ज्यांनी ही कल्पना सर्वांत आधी मांडली, ते चेनीच शिशासाठीच्या या रासायनिक आवृत्तीचे कठोर टीकाकार झाले. केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेने २००० मध्ये या तंत्राची ओळख करून देणारी जी पुस्तिका काढली, तिचा सूरही उत्साहाला आवर घालणारा होता आणि तंत्राविषयीचे गैरसमज दूर करणे हा तिचा एक उघड हेतू होता. फायटोटेक १९९९ मध्ये ‘एडनस्पेस’ या दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली. ट्रेंटनच्या उरलेल्या जागेच्या शुद्धीकरणाचा भार मोहरीवर टाकण्यात आला नाही.

मुळात वेळेचा प्रश्नही होताच. एक हेक्टर जमीन किलोमागे १,००० मिलिग्रॅमवरून ४०० वर आणायची तर वरच्या १५ सेंटिमीटरमधून जवळजवळ १,१७० किलो शिसे काढावे लागते. हेक्टरी १० टन पाला आणि त्यात एक दशांश टक्का शिसे या मापाने एका पिकात १० किलो निघते. म्हणजे ११७ पिके. वर्षाला तीन पिके घेता आली तरी जवळजवळ चाळीस वर्षे, आणि तोवर दर पिकामागे ईडीटीएचा मारा. कापलेला पालाही साधा कचरा राहत नाही. तो वाळवून, जाळून, राख धातूच्या भट्टीकडे किंवा घातक कचऱ्याच्या जागी पोचवावी लागते, आणि तोपर्यंत तो जनावरांच्या व माणसांच्या तोंडी लागणार नाही असा बंदोबस्त करावा लागतो.

तरीही या प्रयोगाला केवळ फसगत म्हणणे मला न्याय्य वाटत नाही. कुलूप लावून विसरलेल्या आवारात पहिल्यांदाच नियमित नमुने घेतले गेले, शास्त्रज्ञ रहिवाशांशी बोलू लागले, आणि शहराच्या कागदावर त्या जागेला पुन्हा भवितव्य मिळाले. उघड्या मातीवर हिरवे आच्छादन असले की वाऱ्याने धूळ उडणे कमी होते, हाही प्रत्यक्ष लाभच. गंमत अशी की तो लाभ मिळवायला शिसे शोषणारे पीक मुळीच नको. उलट शिसे पानांत चढू न देणारे, मुळांची दाट जाळी विणणारे गवत हवे, जोडीला कंपोस्ट आणि भरपूर फॉस्फेट हवे, म्हणजे शिसे आणखी अविद्राव्य होऊन जागीच जखडले जाईल. वनस्पतींचा उपयोग करण्याच्या या दोन रीती एकमेकींच्या नेमक्या उलट आहेत: एकीत शिसे मोकळे करायचे, दुसरीत बांधून ठेवायचे. शिशासाठी टिकली ती दुसरी.

रहिवाशांच्या बाजूने पाहिले तर मात्र एक प्रश्न उरतो. कमी खर्चाचे, अजून सिद्ध न झालेले तंत्र आधी गरीब वस्तीत करून पाहिले जाते, आणि श्रीमंत वस्तीतली माती ट्रकांनी उचलून नेली जाते, असे चित्र अमेरिकेतच नव्हे तर सर्वत्र दिसते.

वॉशिंग्टनचे नेचे

त्या प्रश्नाला एक अनपेक्षित जोड मिळते ती वॉशिंग्टन शहरातील स्प्रिंग व्हॅली या सधन वस्तीत. पहिल्या महायुद्धात तिथे अमेरिकी सैन्याचे रासायनिक अस्त्रांचे संशोधन केंद्र होते. १९९३ मध्ये बांधकामाच्या वेळी जुने तोफगोळे सापडले आणि पुढे बंगल्यांच्या बागांत आर्सेनिक आढळले. उद्दिष्ट किलोमागे २० मिलिग्रॅमचे ठरले. बहुतेक ठिकाणी माती खणूनच काढण्यात आली, पण जिथे खोदाईमुळे जुन्या मोठ्या वृक्षांची मुळे तुटली असती, अशा काही जागी २००४ पासून नेचे लावण्यात आले. हे काम एडनस्पेसच्याच नेच्यांनी झाले.

हा नेचा म्हणजे टेरिस व्हिटाटा. फ्लोरिडा विद्यापीठातील लीना मा यांच्या गटाने २००१ मध्ये त्याच्या आर्सेनिक शोषण्याच्या क्षमतेचा शोध ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला. लाकूड टिकवण्याच्या रसायनाने दूषित झालेल्या जागेवर तो त्यांना सापडला होता. तो आपल्याकडेही जुन्या चुन्याच्या भिंतींच्या फटींत आणि विहिरींच्या बांधकामावर उगवतो. त्याला कोणतेही रसायन पाजावे लागत नाही. आर्सेनिक मातीत ज्या रूपात असते ते स्फुरदासारखे दिसते, नेचा ते स्वतःच आत घेतो आणि पानांत साठवतो. स्प्रिंग व्हॅलीतील काही तुकड्यांत नेच्यांनी उद्दिष्ट गाठलेही. पण हे तुकडे मुळातच मर्यादेच्या थोडे वर होते, घाई नव्हती, आणि एका बागेएवढ्या क्षेत्राची देखभाल करायला माणसे व पैसा होता.

ट्रेंटन आणि स्प्रिंग व्हॅली या दोन्ही ठिकाणी तंत्राचे नाव एकच होते. एकीकडे वनस्पतीच्या स्वभावाविरुद्ध धातू निवडला गेला आणि ती उणीव रसायनाने भरून काढली गेली, दुसरीकडे धातूला साजेशी वनस्पती होती आणि काढायचे प्रमाण तिच्या आवाक्यातले होते. सांडपाण्यासाठी केलेल्या कृत्रिम पाणथळींत कर्दळ, पाणकणीस किंवा नळ नावाचे गवत यांचे काम चांगले चालते त्याचेही कारण असेच आहे. तिथला बराचसा मैला मुळांवर वाढणारे जिवाणू मोडून टाकतात, झाड त्यांना आसरा आणि हवा पुरवते. त्या यशाचा दाखला देऊन जड धातूंच्या जमिनीवर रोपे लावणे म्हणजे भलत्याच खात्यातली रक्कम मांडणे होय.

भारतीय शहरांत हा विषय परका नाही. १ फेब्रुवारी २००० पासून पेट्रोलमधील शिसे देशभर बंद झाले, आणि घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर किलोमागे ९० मिलिग्रॅमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. तरी इन्व्हर्टर, रिक्षा आणि दुचाकी यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर शिसे वितळवणाऱ्या बेकायदा भट्ट्या शहरांच्या कडेला आजही चालतात. २००१ च्या आणि आता २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण भट्टी हलल्यावर मागे राहिलेल्या जमिनीचे काय, याकडे महापालिकांचे लक्ष क्वचितच जाते. मुंबईत रेल्वेरुळांच्या कडेला सांडपाण्यावर पिकवलेला पालक आणि माठ यांविषयी अधूनमधून ओरड होते. पालेभाज्या जमिनीतले धातू उचलतात, हे तेवढ्यापुरते सगळ्यांना पटते.

अशा एखाद्या जागेवर ‘हरित’ उपायाचा प्रस्ताव आलाच, तर ट्रेंटनचा अनुभव काही ठोस मागण्या करायला शिकवतो. नमुने वरच्या थरातून जसे घ्यावेत तसेच अर्धा मीटर आणि एक मीटर खोलीवरूनही घ्यावेत, आणि जवळच्या विंधनविहिरीचे पाणी आधी व नंतर तपासावे. शेजारी तेवढाच एक तुकडा नांगरून पण पीक न घेता ठेवावा, म्हणजे नांगराने किती घट झाली ते वेगळे कळेल. कापलेल्या पाल्याचे सुके वजन आणि त्यातील धातू यांची नोंद पिकागणिक ठेवावी, आणि मातीतून घटलेले किलो व पाल्यातून बाहेर गेलेले किलो हे दोन आकडे अहवालाच्या पहिल्या पानावर शेजारी शेजारी छापावेत. पाला कोणत्या अधिकृत घातक कचरा प्रकल्पाकडे गेला, त्याची पावती त्याच पानाला जोडावी. पाल्यातले किलो मातीतल्या घटीच्या जवळपास येत नसतील, तर पुढच्या हंगामाच्या पेरणीआधी उरलेले शिसे कुठे गेले याचे उत्तर ठेकेदाराने द्यायचे, हे निविदेतच लिहून ठेवावे.